इंग्रजी घेऊन एम. ए.

गेल्या गणेशोत्सवात उत्तरेतील एका शहरी महाराष्ट्र मंडळाच्या प्रसादाच्या पंगतीत आमच्या शेजारी केंद्र सरकारच्या एका खात्यातील अधिकारी बसले होते. नोकरीची सव्वीस वर्षे आणि नऊ बदल्या पाठीशी असलेले हे गृहस्थ एका घरगुती प्रश्नाने चिंतेत होते. त्यांची कन्या नुकतीच बी. ए. झाली असून इंग्रजी घेऊन एम. ए. करण्याचा तिचा हट्ट आहे. "करील हो, पण करून पुढे काय?" असे त्यांनी विचारले. पंगतीतील एक वयोवृद्ध सद्गृहस्थ म्हणाले, "आमच्या वेळी इंग्रजीच्या एम. ए.ला नोकरी घर शोधीत येत असे." त्यावर समोरचा एक तरुण उत्तरला, "आजोबा, आता तिला घर सापडत नाही." हशा पिकला. आमचे शेजारी मात्र हसले नाहीत. थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, "मी स्वतः इंग्रजी घेऊनच एम. ए. आहे. नोकरीत असताना बहिःस्थ म्हणून परीक्षा दिली. सेवापुस्तकात एक ओळ वाढली. पगारात एक रुपयाही वाढला नाही. तेव्हा मुलीला कोणत्या तोंडाने हो म्हणू, आणि कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

हा प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा नाही. बृहन्महाराष्ट्रात विखुरलेल्या आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी तो केव्हा ना केव्हा उपस्थित झालेला असेल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या पदवीला भाव कोणी दिला, तो केव्हा उतरला आणि ज्यांना तिचा खरा लाभ झाला त्यांनी तो कोणत्या मार्गाने करून घेतला, हे पाहणे इष्ट होईल. पदवीची किंमत बाजारात ठरते असे आपण मानतो. पण या पदवीची पहिली किंमत सरकारी ठरावाने ठरली होती.

इंग्रजी राज्य आले तेव्हा विद्येवर खर्च करण्याची कंपनी सरकारला विशेष हौस होती असे नाही. १८१३ च्या सनदेत विद्येसाठी वर्षाला एक लाख रुपये राखून ठेवण्याचे कलम आले, आणि ते रुपये संस्कृत-फारसीवर खर्चावेत की इंग्रजीवर, हा वाद पुढे वीस वर्षे चालला. आपल्याकडे पुण्यात पेशव्यांच्या काळापासून विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची चाल होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ती एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही रक्कम वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८५१ मध्ये या पाठशाळेची इंग्रजी शाळेशी सांगड घालण्यात आली आणि त्या जोडकामातून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. दक्षिणा फंडाचा पैसाही कालांतराने पदवीधरांच्या शिष्यवृत्त्यांकडे गेला. जी दक्षिणा एकेकाळी वेदपठण करणाऱ्याच्या हातावर पडत होती, तीच पुढे मिल आणि बर्क वाचणाऱ्या तरुण फेलोच्या जेवणाखाण्याचा आधार बनली. पुण्याच्या विद्येने कूस पालटली ती अशी. जुन्याच घरात तिने नवे बिऱ्हाड थाटले.

इंग्रजीचा पक्ष सरकारदरबारी जिंकला तो १८३५ साली. त्या वर्षीच्या २ फेब्रुवारीला मेकॉले यांनी आपले प्रसिद्ध टिपण लिहिले आणि ७ मार्चला बेंटिंकच्या सरकारने त्याला अनुसरून ठराव केला. परंतु इंग्रजी शिक्षणाकडे लोकांची रीघ लागली ती मेकॉलेच्या वक्तृत्वाने नव्हे. त्याचे कारण १० ऑक्टोबर १८४४ या दिवशी लॉर्ड हार्डिंज यांनी काढलेल्या ठरावात आहे. सरकारी नोकऱ्या देताना इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम द्यावा, असा त्याचा आशय होता. मेकॉलेचे टिपण विद्वानांनी वाचले. हार्डिंजचा ठराव मुलांच्या बापांनी वाचला. आपल्या समाजात इंग्रजी आणि चाकरी यांचे जे लग्न लागले आहे, त्याचा मुहूर्त हा. पंगतीतील आजोबांना जी नोकरी घर शोधीत येताना दिसली होती, तिला पत्ता देणारा हा ठराव होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण सरकारने दिलेला भाव सरकारला काढूनही घेता येतो.

पुढे १८५४ चा वुड यांचा खलिता आला आणि त्याच्या आधारे १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा घेतली, तेव्हा १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्या बाविसांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले ते अवघे चार: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चारांपैकी एकाही नावापुढे वाचकांस परिचय जोडावा लागू नये, एवढे कर्तृत्व त्या पहिल्या तुकडीने गाजविले.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. इंग्रजी वाङ्मय हा अभ्यासाचा विषय आपण विलायतेकडून तयार स्थितीत घेतला, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्रजी भाषा व वाङ्मय यांचे मर्टन अध्यासन १८८५ साली निर्माण झाले आणि त्या विषयात पदवी घेण्याची सोय तेथे १८९४ मध्ये झाली. केंब्रिजला तर त्यासाठी १९१७ साल उजाडावे लागले. तोवर तेथील सुशिक्षित माणूस म्हणजे ग्रीक आणि लॅटिन जाणणारा माणूस. उलट आपल्याकडील विद्यापीठांत शेक्सपिअर, मिल्टन, बेकन आणि ॲडिसन हे परीक्षेचे विषय आरंभापासूनच होते. मालकाच्या घरी ज्या वाङ्मयाला अद्याप चौरंग मिळाला नव्हता, त्याची पूजा आपण येथे परीक्षा घेऊन करीत होतो. या पूजेचे पुजारीही कधीकधी नामांकित असत. डेक्कन कॉलेजात व नंतर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकविणारे प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ हे प्रत्यक्ष कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे नातू होते. डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक सेल्बी यांनी संपादिलेले बेकनचे निबंध आणि बर्कचे ग्रंथ हिंदी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी टीपांसह वाचले, आणि आमची शंका अशी आहे की अनेकांनी टीपाच अधिक वाचल्या.

त्या वेळच्या मुंबईच्या एम. ए.चा आणखी एक विशेष आज विस्मरणात गेला आहे. भाषा हा विषय घेणाऱ्यास एकटी इंग्रजी घेऊन भागत नसे. तिच्याबरोबर दुसरी एक भाषा, आपल्याकडे बहुधा संस्कृत, घ्यावी लागे. म्हणजे ही पदवी जन्मतः दोन पायांवर उभी होती. त्या दुसऱ्या पायाच्या जागी मराठी यावी, देशी भाषांना विद्यापीठात मान मिळावा, यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मोठी खटपट केली. कलकत्त्यास आशुतोष मुखर्जी यांनी १९१९ साली देशी भाषांची स्वतंत्र एम. ए. सुरू करून हा प्रश्न धीटपणे सोडविला. परंतु विषय जसजसे स्वतंत्र झाले तसतशी एक अडचण निर्माण झाली. मराठीचा विद्यार्थी मराठीत राहिला, इंग्रजीचा इंग्रजीत; आणि दोहोंमधला जो पूल जुन्या अभ्यासक्रमात सक्तीने बांधला जात होता, तो ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपविला गेला. या मुद्द्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आता चाकरीच्या बाजूचा हिशेब पाहू. सनदी नोकरीची जाहीर परीक्षा कशी असावी हे ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीने १८५४ साली आपला अहवाल दिला. तिच्यातही मेकॉले होतेच. एकूण ६८७५ गुणांपैकी इंग्रजी भाषा, वाङ्मय व इतिहास मिळून १५०० गुण, ग्रीक व लॅटिनला प्रत्येकी ७५०, आणि संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५ गुण असे कोष्टक त्यांनी मांडले. हिंदुस्थानावर राज्य करावयास निघालेल्या तरुणाला संस्कृत येत असेल तर त्याची किंमत फ्रेंच किंवा इटालियन येण्याइतकी, हे या कोष्टकात स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही ही परीक्षा १८६३ साली एक हिंदी तरुण उत्तीर्ण झाला. ते सत्येंद्रनाथ टागोर. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि सारी नोकरी बदल्यांवर बदल्या घेत परमुलखात गेली. १८९७ साली साताऱ्याचे न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले. या बंगाली अधिकाऱ्याने आमच्या मुलखात राहून मराठी आत्मसात केली आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. आमच्या वाचकांनी हे उदाहरण मनाशी बाळगावे असे आम्हांस वाटते. परक्या प्रांतात बदली झालेल्या अधिकाऱ्याने त्या प्रांताशी कोणते नाते जोडावे, याचा तो कित्ता आहे. इंग्रजीने त्यांना खुर्ची दिली, पण साताऱ्याच्या लोकांशी त्यांचे नाते तुकोबांनी जोडले.

रानड्यांची हकीकतही बोलकी आहे. विद्यार्थिदशेत मराठी राज्य व इंग्रजी राज्य यांची तुलना करणारा निबंध त्यांनी लिहिला आणि तो प्राचार्य ग्रँट यांना न रुचल्याने त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद राहिली. इंग्रजी वाचून स्वतंत्र विचार करावयास शिकलेल्या तरुणाला त्या विचारांची पहिली किंमत रोख मोजावी लागली. हेच रानडे एम. ए. होऊन १८६८ पासून एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी व इतिहास शिकवू लागले आणि १८७१ मध्ये न्यायखात्यात गेले. अर्थशास्त्रावरील त्यांचे लेखन, सामाजिक परिषदेतील भाषणे, मराठी सत्तेच्या उदयाचा इतिहास, ही सारी त्यांनी सरकारी नोकरी सांभाळून केलेली कामे होत. नोकरी आणि विद्या यांचे वैर नाही, हे त्यांच्याइतके कोणी सिद्ध केले नाही.

परंतु त्यांच्या पाठोपाठच्या पिढीत असे तरुण निघाले की ज्यांनी पदवी घेतली आणि तिच्या मागोमाग येणारी चाकरी नाकारली. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते, आणि निबंधमाला चालवीत होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाली. बदली म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. १८७९ साली शास्त्रीबोवांनी राजीनामा दिला आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. इंग्रजी विद्येला ज्यांनी वाघिणीच्या दुधाची उपमा दिली असे सर्वत्र सांगितले जाते, त्यांनीच ती विद्या नोकरीच्या खुंट्याला बांधण्याचे नाकारले आणि मराठी गद्याच्या कामी लावली. जॉन्सन व मेकॉले यांच्या लेखनाचा त्यांच्यावरील संस्कार निबंधमालेच्या पानापानावर दिसतो. पण वाचताना आपण मराठीच वाचीत असतो.

गोपाळ गणेश आगरकर यांचे उदाहरण तर या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. अंगातला एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारा हा विद्यार्थी एम. ए.च्या उंबरठ्यावर होता, तेव्हा त्याने आपल्या आईला पत्र लिहिले. मुलाच्या मोठ्या परीक्षा पार पडत आहेत, आता त्याला मोठ्या पगाराची जागा मिळेल आणि आपले पांग फिटतील, असे मनोरथ आईने करू नयेत. आपण पोटापुरते घेऊन उरलेला वेळ लोकहितार्थ देणार आहोत, असा त्या पत्राचा आशय होता. एम. ए.चा लाभ काय, या प्रश्नावर मराठीत लिहिले गेलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होय, आणि ते एका गरीब आईला उद्देशून लिहिलेले आहे. आगरकरांचे विषय इंग्रजी वाङ्मयाचे नव्हते. तथापि हॅम्लेटचे मराठी रूपांतर 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले ते त्यांच्याच लेखणीतून. त्यांचे सहकारी, फर्ग्युसन कॉलेजचे इंग्रजीचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरच्या एका कर्कशेला 'त्राटिका' बनवून मराठी रंगभूमीवर आणले. वर्गात शिकविलेला शेक्सपिअर संध्याकाळी नाटकगृहात मराठी बोलू लागला.

आगरकरांसारखा त्याग सर्वांनी करावा असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आणि वृद्ध आईबापांचे औषधपाणी आहे, त्याला त्यागाचा उपदेश करणे हे आगरकरांचाही अपमान करण्यासारखे होईल. आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की ही पदवी ज्या काळी सर्वांत महाग होती, त्याही काळी तिचे खरे सोने करणाऱ्यांनी केवळ तिच्या बाजारभावाकडे पाहिले नव्हते.

मुलींच्या बाबतीत तर बाजारभाव हा शब्दच बराच काळ लागू नव्हता. चंद्रमुखी बसू या १८८४ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या महिला एम. ए. झाल्या, तेव्हा पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी त्यांना शेक्सपिअरच्या ग्रंथांची भेट पाठविली. पुढे त्या बेथून कॉलेजच्या प्रमुख झाल्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. गुणानुक्रमाने विलायतेची शिष्यवृत्ती त्यांच्याकडे आली होती, पण त्या स्त्री आहेत या कारणाने ती त्यांस नाकारण्यात आली. त्यांनी काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविली, आणि नंतर लोकांच्या मदतीने ऑक्सफर्डला जाऊन कायद्याचा अभ्यास केला. पुरुषांना ही विद्या नोकरी देत होती. स्त्रियांना ती प्रथम वर्गात उभे राहण्याची जागा देत होती, आणि त्या जागेवरून पुढचा रस्ता दिसत होता.

या परंपरेतील एक नाव आमच्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल. अमरावतीच्या कुसुमावती देशपांडे यांनी १९२९ साली लंडन विद्यापीठाची इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली आणि नागपुरास इंग्रजीचे अध्यापन केले. त्यांचे पती कवी अनिल हे सरकारी सेवेत होते. पुढे कुसुमावतीबाई दिल्लीस आकाशवाणीवर स्त्रिया व मुले यांच्या कार्यक्रमांचे काम पाहू लागल्या. 'पासंग' या त्यांच्या समीक्षाग्रंथात इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासाने घडलेली दृष्टी मराठी कथा-कवितेकडे वळलेली दिसते. १९६१ साली मराठी साहित्य संमेलनाला पहिली महिला अध्यक्षा लाभली ती त्यांच्या रूपाने, आणि ते संमेलन भरले होते ग्वाल्हेरीस, म्हणजे महाराष्ट्राबाहेर. इंग्रजीच्या एका प्राध्यापिकेला मराठीचे हे मानाचे पान मिळाले, यात विसंगती नसून संगतीच आहे.

ही संगती अन्यत्रही आढळते. बा. सी. मर्ढेकर तरुणपणी सनदी परीक्षेसाठी लंडनला गेले आणि तेथे अपयश पदरी घेऊन परतले. त्यांनी काही वर्षे इंग्रजी शिकविली, नंतर आकाशवाणीच्या नोकरीत शिरून बदल्यांच्या गावी दिवस काढले, आणि १९५६ साली दिल्लीस त्यांचे निधन झाले. मराठी कवितेचे वळण बदलणारा हा कवी परमुलखी बदलून गेलेला एक सरकारी अधिकारीच होता. धारवाडच्या महाविद्यालयात जी. ए. कुलकर्णी तीसएक वर्षे इंग्रजी शिकवीत होते. भोवती कानडी, वर्गात इंग्रजी आणि टेबलावर मराठी कथेचे हस्तलिखित. ज्ञानपीठ पुरस्कार आजवर चार मराठी लेखकांना मिळाला. त्यांपैकी दोघांचा, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे यांचा, चरितार्थाचा व्यवसाय इंग्रजीचे अध्यापन हा होता. हा निव्वळ योगायोग समजावा काय? आमच्या मते नाही. दुसरी भाषा कसून शिकलेल्या माणसाला आपली भाषा बाहेरून पाहता येते, आणि ज्याला आपले घर बाहेरून पाहता आले त्यालाच भिंत कोठे कलली आहे ते कळते.

तथापि केवळ वाङ्मयीन समाधानावर संसार चालत नाही, म्हणून आजच्या व्यवहाराकडे वळू. स्वातंत्र्यानंतर इंग्रजीचा सरकारी आधार हळूहळू सैल झाला. सनदी परीक्षेचे माध्यम १९७९ साली बदलले आणि उमेदवाराला मराठीसकट आपल्या भाषांत उत्तरे लिहिता येऊ लागली. आज मुख्य परीक्षेत इंग्रजीची अनिवार्य पत्रिका ३०० गुणांची असली, तरी तीत २५ टक्के मिळविले म्हणजे पुरते; ते गुण क्रमवारीत धरले जात नाहीत. इंग्रजी वाङ्मय हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, पण मराठी वाङ्मयही तितक्याच गुणांना घेता येते. १८५४ च्या कोष्टकातील १५०० व ३७५ यांच्यामधले अंतर या सव्वाशे-दीडशे वर्षांत असे मिटले आहे.

अध्यापनाच्या क्षेत्रात १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा आली आणि एकट्या एम. ए.ने महाविद्यालयाचे दार उघडेनासे झाले. एम. ए.ला ५५ टक्के गुण आणि त्यावर ही किंवा राज्याची पात्रता परीक्षा, असा आता सर्वसाधारण क्रम आहे. ज्या मुलामुलींना शिकविण्याची खरी आवड आहे त्यांनी प्रवेश घेतानाच हा तिसरा जिना मोजून ठेवावा. दुसऱ्या जिन्यावर थांबलेल्यांची गर्दी मोठी आहे. इंग्रजीच्या अध्यापनातच पुढे विशेष तयारी करावयाची असल्यास हैदराबादेत १९५८ साली निघालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे २००७ पासून केंद्रीय विद्यापीठात रूपांतर झाले आहे.

एका वाटेकडे मात्र परप्रांती वाढलेल्या मराठी मुलांचे लक्ष कमी जाते, म्हणून तिचा स्वतंत्र उल्लेख करतो. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत अनुवादकाच्या जागा असतात. त्यांसाठी हिंदीची एम. ए. असल्यास पदवीपर्यंत इंग्रजी, किंवा इंग्रजीची एम. ए. असल्यास पदवीपर्यंत हिंदी, अशी जोडी मागितली जाते. भोपाळ-लखनौकडे शिकलेल्या आपल्या मुलांची हिंदी पुण्या-मुंबईच्या मुलांहून सहज सरस असते. तिला इंग्रजीच्या पदव्युत्तर अभ्यासाची जोड मिळाली, आणि घरची मराठी शाबूत राहिली, तर अशा मुलाच्या हाती तीन भाषा येतात. ज्यांना आपण बदल्यांची झळ लागलेली मुले म्हणतो, त्यांच्या पदरात बदल्यांनीच टाकलेले हे धन आहे. ज्यांना नोकरी सोडून शिकता येत नाही त्यांच्यासाठी १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा मार्ग आहे. बदली झाली म्हणून तेथे नाव कापले जात नाही.

लक्षात घेण्याची गोष्ट ही की येथेही मोल आहे ते जोडीला. अनुवादकाच्या जागेसाठी सरकार आज जी दुसरी भाषा मागते, तीच गोष्ट मुंबई विद्यापीठाचा जुना अभ्यासक्रम आपल्या पद्धतीने मागत होता. एकट्या इंग्रजीला भाव होता तो हार्डिंजच्या ठरावाचा होता. तो ठराव ज्या राज्याचा, ते राज्य गेले आणि इंग्रजी जाणणारेही घरोघर झाले. दोन भाषांमधला पूल बांधता येणाऱ्याची गरज मात्र रानड्यांच्या काळी होती आणि आजही आहे. कचेरीतील चांगले टिपण, न्यायालयातील साक्षीचे भाषांतर, आजारी माणसाला समजेल अशा भाषेत आणलेली वैद्याची सूचना, परदेशी कादंबरीचे मराठी रूप, ही सारी त्या एकाच कामाची लहानमोठी रूपे आहेत.

हे सर्व आम्ही त्या अधिकाऱ्यांना उत्सवाच्या शेवटच्या दिवशी, विसर्जनाला निघण्यापूर्वी, थोडक्यात सांगितले. मुलीला हो म्हणा. मात्र पात्रता परीक्षेचा विचार आजच करा, हिंदी सुटू देऊ नका, आणि मराठी बोलण्यापुरती न ठेवता लिहिण्यापर्यंत न्या, असे आमचे म्हणणे होते. ते ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आगरकरांच्या पत्राचे सांगितलेत, ते मनाला लागले. माझी आई गावी होती तोवर मी तिला दरमहा पैसे पाठविले. पत्र म्हणाल तर चार ओळींपलीकडे कधी लिहिता आले नाही. दिवसभर इंग्रजीत टिपणे लिहून संध्याकाळी मराठी वाक्य जुळवताना हात अडे. तिला वाटे, साहेबाला वेळ नाही. पदवीने माझे काय गेले ते सेवापुस्तकात लिहिलेले नाही."

आम्हांस त्यावर उत्तर सुचले नाही. मात्र महिन्याभराने त्यांचे पत्र आले. कन्येने इंग्रजी घेऊन एम. ए.ला नाव घातले आहे, आणि दर रविवारी बापलेक मिळून एका इंग्रजी कथेचे मराठी करीत असतात. पहिली कथा पूर्ण व्हायला तीन रविवार लागले. मुलीच्या मराठीत हिंदी शब्द फार येतात आणि आपल्या मराठीत इंग्रजी, म्हणून दोघांचे बरेच वाजते, असेही त्यांनी लिहिले होते. पत्र चांगले तीन पानी होते, आणि सगळे मराठीत होते.